ओरखडा, तापमान आणि ॲल्युमिनाची सळी: निम्म्या भारावर तुटण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या भट्टीत माल ठेवण्यासाठी ९९.५ टक्के शुद्ध ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या) गोल सळ्या आडव्या बसवल्या आहेत. डेटाशीटवर फ्रॅक्चर टफनेस (भेग पसरू न देण्याचा चिवटपणा) ४ मेगापास्कल रूट मीटर आणि वाकवण्याची ताकद ३५० मेगापास्कल लिहिली आहे. तरीही काही सळ्या निम्म्याच ताणाला, म्हणजे १७५ मेगापास्कलच्या आसपास तुटतात. तुटलेल्या सळ्यांवर ग्राइंडिंगचे ओरखडे दिसतात. विचारणारे तरुण इंजिनीअर म्हणतात, ओरखड्यांमुळे टफनेस किती टक्के कमी धरायचा? आणि भट्टी १००० अंशांवर चालते, तर तिथे कोणता आकडा घ्यायचा?

ओरखड्यापोटी टफनेस एक टक्काही कमी धरू नका. ओरखड्याने जाते ती त्या सळीची ताकद. टफनेस पदार्थाचा असतो आणि तो होता तिथेच राहतो. तापमानाचे वेगळे आहे, ते टफनेसलाच हात घालते. ही दोन खाती एकत्र केली की एक तर सुरक्षेची वजावट दोनदा होते, नाही तर एकदाही होत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मी दोन्ही प्रकार पुष्कळ पाहिले आहेत.

कापडाच्या दुकानात दुकानदार मीटरभर कापड मोजतो, काठाला कात्रीने बोटाच्या पेराएवढी खाच देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. खाच दिल्याने कापड कच्चे झालेले नसते. हातांचा सगळा जोर त्या एका टोकाशी एकवटतो, इतकेच. चिवट कापडाला खाच मोठी लागते, विरलेल्या कापडाला छोटी पुरते. चिवटपणा म्हणजेच टफनेस. खाच देऊन किती जोरात फाटले, ती ताकद.

सिरॅमिकसाठी हाच संबंध सूत्रात मांडता येतो. टफनेस म्हणजे आकाराचा गुणक, गुणिले ताण, गुणिले भेगेच्या खोलीचे वर्गमूळ. पृष्ठभागावरची भेग अर्धवर्तुळाकार असेल तर गुणक साधारण १.३ येतो. टफनेस ४ धरा. भेग ५० मायक्रॉन खोल असेल तर सळी ४३५ मेगापास्कलला तुटेल. भेग २०० मायक्रॉन असेल तर २१८ ला. खोली चौपट झाली की ताकद निम्मी होते. दोन्ही वेळी पदार्थ तोच आणि टफनेसही तोच.

या विचाराची मुळे जुनी आहेत. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ग्रिफिथने काचेचे बारीक धागे ओढून तोडले आणि १९२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिलिमीटरभर जाडीची काच १७० मेगापास्कलच्या आसपास तुटत होती, तर तीन-साडेतीन मायक्रॉनचा धागा ३,४०० च्या जवळ. काच एकच होती. जाड काचेच्या अंगावर मोठ्या भेगांना जागा होती, धाग्यावर ती नव्हती.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. सूत्र उलटे सोडवा. ३५० मेगापास्कलला तुटणाऱ्या नमुन्यात अर्धवर्तुळाकार भेग सुमारे ७७ मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. १७५ ला तुटलेल्या सळीत ती ३०९ मायक्रॉनची निघते, ०.३ मिलिमीटर. इथे थांबायला हवे. बऱ्यापैकी केलेल्या डायमंड ग्राइंडिंगमुळे खाली उतरणाऱ्या भेगा काही दहा मायक्रॉनच्या असतात. वाईट कामात त्या शंभराच्या घरात जातील, पण ०.३ मिलिमीटर हा आकडा नुसत्या ओरखड्याच्या अंगावर बसत नाही. मग ओरखडे निर्दोष आहेत का? तसेही नाही. मी अजून दोन गोष्टी हिशेबात घेतलेल्या नाहीत.

पहिली, भेगेचा आकार. तुमच्या सळ्या गोल आहेत, म्हणजे त्या बहुधा सेंटरलेस किंवा सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करून, म्हणजे स्वतःभोवती फिरवत घासून आल्या आहेत. या पद्धतीत ओरखडे सळीभोवती बांगडीसारखे पडतात. सळी वाकते तेव्हा ताण लांबीच्या दिशेने येतो, म्हणजे प्रत्येक ओरखडा ताणाला बरोबर काटकोनात उभा. याहून वाईट मांडणी नाही. हिऱ्याच्या कणाखाली तयार होणाऱ्या भेगा ओरखड्याच्या रेषेत शेजारी शेजारी बसतात आणि झिप लावावी तशा एकमेकींना जोडून एक लांब, उथळ भेग बनते. लांब भेगेचा गुणक १.३ राहत नाही, तो २ च्या जवळ जातो. तो धरला की १७५ मेगापास्कलसाठी ३०९ ऐवजी सुमारे १३३ मायक्रॉन खोली पुरते.

दुसरी गोष्ट तापमान. सळी थंड असताना तुटली की भट्टी चालू असताना, हे तुम्ही लिहिलेले नाही. गरम असताना तुटली असेल तर टफनेस ४ राहिलेला नसतो. १००० अंशांना तो ३ धरला तर लागणारी खोली ७५ मायक्रॉनवर येते. आता हा आकडा निष्काळजी ग्राइंडिंगच्या आवाक्यात आला. म्हणजे निम्म्या भाराचे कोडे बहुधा असे सुटते: आडवा ओरखडा आणि गरम सळी, दोघे मिळून.

हा अंदाज कागदावरचा आहे. खात्री तुटलेल्या तोंडावरच होते, म्हणून ते कसे वाचायचे ते सविस्तर सांगतो.

सळी तुटली की दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. जुळवताना नेमकी उगमाची, म्हणजे भेग जिथून सुरू झाली तिथली, कड घासली जाते आणि टवका उडतो, मग पुरावा गेला. दोन्ही तुकडे वेगळ्या डब्यांत ठेवा. ॲसिटोनने धुवा, मातीच्या छोट्या गोळ्यावर तोंड वर करून बसवा आणि साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली २० पट मोठे करून पाहा. दिवा वरून नको, बाजूने, अगदी तिरपा हवा. ताणाच्या बाजूला काठाजवळ एक गुळगुळीत डाग दिसेल, त्याला मिरर म्हणतात. त्याच्याभोवती धुरकट कडे असते आणि तिथून खरबरीत रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या बाहेर पसरतात. काड्या जिथे एकत्र येतात तिथे उगम. ॲल्युमिनाचे कण मोठे असतील तर मिरर धूसर असतो, तरी काड्यांची दिशा उलट धरून जाता येते. पदार्थातून उजेड आरपार जाऊन काहीच उठून दिसत नसेल, तर हिरव्या मार्करची शाई तोंडावर हलकी फिरवा. आतला चकाकणारा उजेड मरतो आणि उंचसखलपणा दिसू लागतो.

एकदा एका फिनिशिंग कारखान्यातून ३ बाय ४ मिलिमीटरच्या चाचणीपट्ट्या आल्या होत्या. एकाच ठोकळ्यातून कापलेल्या, पण अर्ध्यांची ताकद स्पष्टपणे खाली. ग्राहक भट्टीवर संशय घेत होता, पावडरच्या लॉटवर घेत होता. उगम पाहिले तर कमी ताकदीच्या प्रत्येक पट्टीत काठाला समांतर एक काळसर रेघ, अर्ध्या चंद्रकोरी ओळीने बसवाव्यात तशी. चौकशीत कळले की वेळ वाचवण्यासाठी तेवढ्या पट्ट्या आडव्या, रुंदीच्या दिशेने, ग्राइंड केल्या होत्या आणि व्हील बोथट झालेले होते. पट्टी लांबीच्या दिशेने घासायची, शेवटचे थर बारीक ग्रिटने (बारीक कणांच्या व्हीलने) घ्यायचे, कडा तिरक्या घासून चॅम्फर द्यायचा, असा चाचण्यांच्या मानकांचा आग्रह असतो तो यासाठीच.

याचा एक उपसिद्धांत तुमच्या डेटाशीटला लागू होतो. ३५० हा आकडा लांबीच्या दिशेने घासलेल्या छोट्या पट्ट्यांवरचा असण्याची दाट शक्यता आहे. तुमची सळी आडवी घासलेली आहे आणि बरीच मोठीही. ताणाखालचा पृष्ठभाग जितका मोठा, तितकी त्यात एखादी मोठी भेग सापडण्याची शक्यता जास्त. वायबुल मॉड्युलस (नमुन्यानमुन्यांची ताकद किती एकसारखी आहे ते सांगणारा आकडा) १० असेल आणि ताणाखालचे क्षेत्र शंभरपट असेल, तर ताकद ६३ टक्क्यांवर येते. म्हणजे ३५० चे २२१ झाले, आणि अजून कोणी सळीला ओरखडासुद्धा काढलेला नाही.

ओरखडा टफनेस बदलत नाही असे मी ठामपणे म्हटले. मोजमापात मात्र तो आकड्यात शिरतो. टफनेस मोजायचा म्हणजे नमुन्यात माहितीतली भेग करायची आणि तो तोडायचा. भेग कशी केली यावर बरेच अवलंबून असते. करवतीने खाच पाडली तर तिचे टोक बोथट राहते आणि आकडा खोटा वर जातो. म्हणून खाचेच्या तळाशी दाढीच्या पात्यावर हिऱ्याची पेस्ट लावून हळूहळू टोक अणकुचीदार करतात. झिर्कोनियासारख्या (झिर्कोनियम ऑक्साइड) अतिबारीक कणांच्या पदार्थाला तेही पुरत नाही. नूप दाबयंत्राने, म्हणजे अणकुचीदार हिरा दाबून, छोटी भेग पाडतात तेव्हा दाबाच्या खड्ड्याभोवती आतला ताण शिल्लक राहतो. तो थर घासून काढला नाही तर आकडा खाली येतो. आणि विकर्सच्या (चौकोनी पायाचा हिरा दाबून उमटवलेल्या) ठशाच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा मोजून सूत्रात घालण्याची पद्धत, जी आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास चालते, ती दोन पदार्थांची ढोबळ तुलना करण्यापलीकडे वापरू नये. सूत्रे अनेक आहेत आणि एकाच ठशावरून ती वेगवेगळी उत्तरे देतात. क्विन आणि ब्रॅट यांनी २००७ साली या पद्धतीवर सविस्तर टीका केली, ती मला पूर्ण पटते. तुमच्या डेटाशीटवर ४ च्या शेजारी पद्धत लिहिली आहे का, ते आधी पाहा. लिहिली नसेल तर उत्पादकाला विचारा.

आणखी एक बारकावा आहे. मोठ्या कणांच्या ॲल्युमिनामध्ये भेग पुढे गेली तरी तिच्या मागे काही कण दोन्ही काठांना पकडून पुलासारखे उभे राहतात. भेग लांबली की पूल वाढतात आणि टफनेसही वाढतो. म्हणजे लांब भेगेवर मोजलेला ४ हा आकडा ३० मायक्रॉनच्या भेगेला मिळतोच असे नाही. छोट्या भेगेच्या वाट्याला कमी येते.

हेच पूल तापमानाच्या गोष्टीतही आहेत. ॲल्युमिना तापला की त्याचा यंग मॉड्युलस (ताठरपणाचे माप) उतरतो. १००० अंशांपर्यंतची ही घट दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि टफनेसमध्ये तिचे वर्गमूळ येते, म्हणजे पाचेक टक्केच. प्रत्यक्षात मात्र टफनेस पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने पडतो. उरलेल्या घटीत पुलांचा वाटा मोठा आहे. ॲल्युमिनाचा स्फटिक सगळ्या दिशांना सारखा प्रसरण पावत नाही. सिंटरिंगनंतर (पावडर भाजून घट्ट केल्यानंतर) थंड होताना शेजारी शेजारी बसलेले कण एकमेकांना चेपून ठेवतात, आणि या चेपण्यामुळेच पुलाच्या कणाला काठाची घट्ट पकड मिळते. पुन्हा तापवले की चेपणे सैल होते, पकड सुटते.

म्हणून तुमच्या सळीसाठी १००० अंशांना ३ धरा. एवढ्यावर काम संपत नाही, कारण ९९.५ टक्क्यांतला उरलेला अर्धा टक्का महत्त्वाचा आहे. सिलिका, कॅल्शिया यांसारखी द्रव्ये कणांच्या सीमांवर काचेचा पातळ थर करून बसतात. १००० च्या आसपास हा थर मऊ होऊ लागतो. भार झटकन टाकला तर चिकट काच ऊर्जा खाते, भेगेचे टोक बोथट होते आणि मोजलेला टफनेस चक्क वाढतो. कमी शुद्धतेच्या ॲल्युमिनाच्या आलेखात ८०० ते १००० अंशांदरम्यान असा उंचवटा दिसतो. तो पाहून कोणी खूश होऊ नये. तोच भार तासन्तास ठेवला तर मऊ काचेतून भेग सावकाश सरकत राहते आणि एक दिवस सळी काही कारण न दिसता पडते. तुमच्या सळ्या नेमक्या अशाच, सतत भाराखाली आहेत. तेव्हा भट्टीच्या तापमानाला चाचणी करून घेणार असाल तर दोन वेगांनी करून घ्या, एक नेहमीच्या आणि दुसरी शंभरपट हळू. हळू चाचणीत ताकद बरीच खाली गेली तर काच बोलते आहे असे समजा.

थंडपणीही भेग सरकते, पण तिथे कारण हवेतले पाणी असते. पाण्याचा रेणू भेगेच्या टोकाशी ताणलेला बंध तोडतो. काचेत हे फार, ॲल्युमिनात त्याहून कमी. साध्या तापमानाला हवेत मोजलेल्या ताकदीत दमटपणाने आधीच आपला वाटा नेलेला असतो. म्हणून तापवल्यावर टफनेस ज्या प्रमाणात पडतो त्याच प्रमाणात ताकद पडलेली दिसेल असे नाही.

बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. बोरॉन आणि कार्बन घालून सिंटर केलेल्या सिलिकॉन कार्बाइडमध्ये कणसीमांवर काच नसते. त्याचा टफनेस ३ च्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनाहूनही कमी, पण तो १४०० अंशांच्या पुढेही शब्दाला जागतो. शिवाय गरम हवेत त्याच्या पृष्ठभागावर सिलिका तयार होते आणि बारीक भेगा बुजतात. सिलिकॉन नायट्राइड साध्या तापमानाला ५ ते ८ देते. मॅग्नेशिया घालून केलेले असेल तर १००० नंतर ढासळते, यट्रिया घातलेले जास्त टिकते.

झिर्कोनियाबद्दल मात्र सावध करतो, कारण डेटाशीटवरचे मोठे आकडे पाहून लोक तिकडे वळतात. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवले की झिर्कोनियात भेगेच्या टोकाजवळचे कण ताणामुळे स्फटिकरूप बदलतात, चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. ही युक्ती थंडपणी उत्तम चालते. तापमान वाढले की बदलण्याची ओढच कमी होते. तीन मोल टक्के यट्रियाच्या झिर्कोनियाचा टफनेस ८०० अंशांपर्यंत निम्म्याच्या जवळ येतो. तुमच्या भट्टीत तो मोठा आकडा तुम्हाला कधीच भेटणार नाही. कमी तापमानालाही त्याचा एक शत्रू आहे. १०० ते २५० अंशांच्या दमट वाफेत पृष्ठभागावरचे कण ताण नसतानाच रूप बदलतात, फुगतात आणि बारीक भेगा पडतात. २००१ साली एका फ्रेंच उत्पादकाचे झिर्कोनियाचे खुब्याचे गोळे रुग्णांच्या शरीरात तुटू लागल्याने बाजारातून मागे घ्यावे लागले. त्या लॉटसाठी भट्टीची पद्धत बदललेली होती. पृष्ठभाग, तापमान आणि पाणी एकत्र आले की काय होते, याचे इतके गंभीर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

तापमानाची तिसरी वाट म्हणजे थर्मल शॉक. इथे तापमान टफनेसला हात न लावता थेट नवी भेग पाडते. तापलेला ॲल्युमिना पाण्यात टाकला तर साधारण २०० अंशांच्या फरकाला ताकद अचानक कोसळते. तुमच्या सळ्या कोणी गरम असतानाच काढून लोखंडी टेबलावर किंवा ओल्या फरशीवर ठेवते का, हे कामगारांना शांतपणे विचारा. रागावून विचारले तर खरे कळणार नाही. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाज खणखणीत की बद्द ते ऐकतो, तसे सळी दोऱ्याला टांगून वाजवता येते. पण त्यातून मोठा तडाच कळतो. ७५ मायक्रॉनची भेग खणखणीतच वाजते, आणि भेगेत झिरपणाऱ्या लाल रंगानेही (डाय पेनेट्रंट) ती पकडणे कठीण.

आता करायचे काय. नव्या सळ्या मागवताना शेवटचे फिनिशिंग लांबीच्या दिशेने मागा. ते परवडत नसेल तर निदान शेवटचे थर बारीक ग्रिटने, कमी खोलीने घेण्याची अट घाला. टोकांच्या कडा गोलसर हव्यात. ग्राइंडिंगनंतर सळ्या पुन्हा १२०० अंशांच्या वर तापवून घ्याव्यात का, असे लोक विचारतात. सरसकट हो म्हणता येत नाही. ग्राइंडिंगने भेगांबरोबर पृष्ठभागावर दाबाचा थरही सोडलेला असतो. तापवल्याने भेगेचे टोक थोडे बोथट होते, पण तो उपकारक दाबही जातो. दहा-बारा सळ्यांवर करून पाहा आणि मग ठरवा.

सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक सळी बसवण्याआधी थंडपणी भार देऊन तपासणे. समजा प्रत्येक सळीला ३०० मेगापास्कल ताण दिला. जी टिकली तिच्यात त्या क्षणी किती मोठी भेग नाही, हे पक्के झाले. टफनेस ४ वरून ३ वर आला तर तीच सळी १००० अंशांना झटपट भारासाठी २२५ पर्यंत टिकायला हवी. त्यातून सावकाश सरकणाऱ्या भेगेसाठी वजावट करा. ती किती, हे वर सांगितलेल्या हळू चाचणीवरून ठरेल. तपासताना सळी फिरवून तीन-चार बाजूंनी भार द्या, कारण एका वेळी एकच बाजू ताणली जाते. भार कोरड्या हवेत द्या आणि पटकन उतरवा, म्हणजे तपासणीतच भेग वाढणार नाही.

पहिल्या खेपेला बऱ्याच सळ्या तुटतील. त्या कचऱ्यात टाकू नका. प्रत्येकीचे उगमाकडचे दोन तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, डबीवर भार आणि तापमान लिहा, आणि जुन्या तुटलेल्यांपैकी जे हाती असतील तेही त्यांच्याशेजारी मांडा.